बारवीला जाताय? बाटली परत आणा!

मित्रांनो, रविवारी बारवीच्या जंगलात गेलो होतो. वर हिरवागार डोंगर, पायाखाली बिअरच्या काचा, वेफर्सची पाकिटं.

२०१२ला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला. महाराष्ट्रातून कास, कोयना, चांदोली, राधानगरी यादीत गेले. बारवी नाही. म्हणून काय तिचा उकिरडा करायचा?

बारवीतून सोडलेलं पाणी उल्हास नदीत येतं. एमआयडीसी ते जांभूळला उचलते. तेच अंबरनाथ, उल्हासनगरच्या नळाला येतं. म्हणजे आपण आपल्याच हंड्यात थुंकतोय!

यावर सरकारी उपाय एकच, पावसाळ्यात बंदीचा कागद. कागद भिंतीवर, गाड्या धरणावर. आणि बंदीत पोट मारलं जातं ते भाजी-भाकरी विकणाऱ्या पाड्यावरच्या बाईचं. धरणासाठी जमिनी गेल्या त्या इथल्याच गावांच्या.

माझं म्हणणं सरळ आहे. बंदी नको, नाका द्या आणि तो ग्रामसभेच्या ताब्यात द्या. आत जाताना बाटल्या मोजा, अनामत घ्या. बाटली परत आणली तर पैसे परत, नाहीतर ते पाड्याचे. दारू दिसली की गाडी माघारी.

जंगल बघायला जरूर जा. पण पाहुण्यासारखं जा, मालकासारखं नको.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा.