मुलांना दगड वेचू द्या की!

आम्ही इंदूरचे मराठी ख्रिस्ती, इथली चौथी पिढी. कुणाच्या घरी आजोबांची पेटी-तबला असतो, आमच्याकडे पत्र्याचे तीन डबे भरून दगड आहेत. रीत अशी, की पावसाळा सरला की एखाद्या रविवारी उपासना आटोपून पोहे-सेव बांधून घ्यायची आणि महूच्या पुढे घाटाकडे निघायचं. नाल्यात गारगोटी सापडते, लाल जास्पर सापडतो, नशीब असेल तर रेघारेघांचा अकीक. खर्च पेट्रोलचा तेवढा.

हल्ली आमच्याच एक-दोन घरांतून सूर निघतो की मुलांना या नादी लावू नका. ‘कोट्यवधी वर्षं’ ऐकलं की पोरांचा विश्वास डळमळतो म्हणे. बोलणारे वडीलधारे आहेत, मान राखूनच सांगतो, मला हे पटत नाही.

नागपूरचे रेव्हरंड स्टीफन हिस्लोप घ्या. स्कॉटिश मिशनरी, 1845मध्ये नागपुरात आले, शाळा काढली. त्यांच्याच नावाचं कॉलेज आजही तिथे आहे. हा माणूस प्रवचनं करायचा आणि हातोडी घेऊन हिंडायचाही. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी टाकळीजवळ जीवाश्म शोधले, ते विद्वानांपुढे मांडले. एका हिरवट कॅल्साइटला ‘हिस्लोपाइट’ नाव पडलं ते त्यांच्यावरून. 1863मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. पाळकाला दगडांची भीती वाटली नाही, मग आपल्याला का वाटावी?

आपला माळवा आणि तिकडचा सह्याद्री एकाच काळ्या कातळाचा. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, मग खनिजं विरघळलेलं पाणी झिरपून त्यांत स्फटिक वाढले. जळगाव, नाशिककडचे स्टिलबाइट, अपोफिलाइट जगभरच्या संग्रहालयांत ठेवलेत ते असे घडले. सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय मुलांना एकदा दाखवाच. माझी धाकटी तिथे अर्धा तास एका काचेपुढून हलेना. घरी आल्यावर तिने विचारलं, “देवाला एवढा वेळ लागला?” मी म्हटलं, त्याला कुठे घाई होती! एवढंच बोलणं झालं. तिचा विश्वास काही गेला नाही, उलट रात्रीची प्रार्थना लांबली.

आणि शास्त्रात दगड काय कमी आहेत? यहोशवाने यार्देनेतून बारा धोंडे उचलून आणवले, ते पुढे मुलं विचारतील तेव्हा सांगता यावं म्हणून. प्रकटीकरणात नव्या यरुशलेमेच्या पायाला यास्फे आहे, नावाने तरी हा जास्परच. शब्बाथ शाळेत नुसतं नाव पाठ करवून घेण्यापेक्षा दगड हातात द्या, बघा कसे लक्षात ठेवतात.

गारगोटी आणि कॅल्साइट मुलं फसतात असे दिसतात. चाकूने ओरखडा काढा. कॅल्साइटवर उठतो, गारगोटीवर नाही. उलट तीच काचेवर रेघ काढते. कॅल्साइटच्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं तर फसफसतं. हे पाहिल्यावर पोरं स्वयंपाकघरातलं व्हिनेगर संपवतात, ते मात्र सांभाळा.

माझा आग्रह दोनच गोष्टींचा. चालू खदानीत शिरू नका, आणि बाघकडे जीवाश्म दिसला तर फोटो काढून तिथेच ठेवा. तो डब्यात आला की अभ्यासकाच्या उपयोगाचा राहत नाही. बाजारातले ‘एनर्जी’वाले पॉलिश दगड मी घरात आणत नाही, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

हां, आणि प्रत्येक दगडासोबत चिठ्ठी ठेवा, गाव आणि तारीख. आमच्या डब्यातल्या एका हिरवट दगडाच्या चिठ्ठीवर आजोबांनी नुसतं ‘नागपूर’ लिहिलंय. हिस्लोपाइट ओळखणारं कुणी इथे असेल तर सांगा, फोटो टाकतो.