राख नको, कोळसा हवा!



माघ-फाल्गुनात वेंगुर्ल्याच्या आसपासच्या वाड्यांतून फेरी मारलीत, तर ठिकठिकाणी धुराचे लोट दिसतील. कोणी परसातला पातेरा पेटवलेला असतो, कोणी नारळाची चुडते आणि सोडणे. भाताचा तरवा जेथे पेरायचा, तेथे कवळ, शेण व पालापाचोळा पसरून भाजावळ चाललेली असते. दुसऱ्या दिवशी पाहावे, तर एवढ्या मोठ्या ढिगाची थोडीशी राख उरलेली! बाकीचा ढीग गेला कोठे?

तो हवेत गेला. वाळलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मा कार्बन असतो. मोकळ्या हवेत तो जळाला, की ऑक्सिजनशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड वायू होतो. पालापाचोळ्यातला नत्रही बराचसा उडून जातो. मागे राहतात ती पोटॅश, चुना यांसारखी खनिजे, तीच राख.

भाजावळ करणारे आपले आजोबा अडाणी होते असे मात्र समजू नका. भाजल्याने तणांचे बी मरते, राखेने मातीची आम्लता कमी होते, रोपांना पोटॅश मिळते. पण आपली माती जांभ्या दगडाची आणि पाऊस वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर. राखेतले पोटॅश पाण्यात सहज विरघळते आणि दोन-चार मोठ्या सरींत बरेचसे वाहून जाते. पुढच्या वर्षी पुन्हा कवळ तोडा, पुन्हा भाजा!

म्हणून माझे म्हणणे असे, की जाळायचेच असेल तर पुरते जाळू नये. आग मध्येच विझवावी आणि कोळसा हाती घ्यावा. मातीत घालण्यासाठी केलेल्या अशा कोळशाला शास्त्रज्ञ ‘बायोचार’ म्हणतात.

कोळशात असे आहे तरी काय? लाकूड कमी हवेत तापले, की त्यातले वायू व डांबर निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. तो असंख्य सूक्ष्म छिद्रांनी भरलेला असतो. करवंटीच्या कोळशावर खास प्रक्रिया करून ‘सक्रिय कोळसा’ बनवतात. त्याच्या एका ग्रॅममधील छिद्रांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर त्या ५०० चौरस मीटरहूनही अधिक जागा व्यापतील! साध्या कोळशाची जागा कमी, पण तीही थोडी नव्हे. वासाचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. या क्रियेला ‘अधिशोषण’ म्हणतात. १८५४ साली जॉन स्टेनहाऊस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने दुर्गंधी अडवण्यासाठी कोळशाचा मुखवटा तयार केला, तो याच गुणावर. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांतही करवंटीचा कोळसा होता.

मग आपल्या घरी तो का नसावा? कोळशाचे सुपारीएवढे तुकडे सुती फडक्यात बांधून चपलांच्या कपाटात किंवा मासळीच्या टोपलीजवळ ठेवावेत. पावसाळ्यात दमट हवेने ही छिद्रे पाण्याने भरतात, म्हणून पुरचुंडी अधूनमधून कडक उन्हात वाळवावी. पण लक्षात ठेवा, मोरी घासलीच नाही तर कोळसा तरी काय करणार? तो वास धरतो, घाण काढत नाही.

हा कोळसा थकला, की फेकू नका. त्याचे खरे काम आता सुरू होते. कुटून तो शेणखतात मिसळा. नऊ भाग खताला एक भाग कोळसा पुरे. दोन-तीन आठवडे मुरू द्या. कोळसा स्वतः फारसे खत नव्हे, तो खताचे कोठार आहे. रिकामे कोठार मातीत पुरले, तर सुरुवातीला ते मातीतलाच नत्र अडवून बसते. भरलेले कोठार पाणी व अन्नद्रव्ये धरून ठेवते आणि मुळांना हळूहळू देते.

आपल्यासारखाच धो धो पाऊस आणि आम्लधर्मी माती असलेल्या ॲमेझॉनच्या खोऱ्यात काही जागी काळीभोर, सुपीक माती सापडते. शेकडो वर्षांपूर्वी तेथील रहिवाशांनी कोळसा, हाडे व घरचा केरकचरा मातीत मिसळून ती घडवली. तो कोळसा आजही तेथे टिकून आहे. म्हणजे झाडांनी हवेतून घेतलेला कार्बन शतकानुशतके जमिनीतच राहिला. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापत असताना ही गोष्ट लहान नाही.

कोळसा करण्यासाठी परसात वर रुंद, खाली निमुळता असा खड्डा घेतात. तळाशी जाळ करून वाळल्या चुडतांचे व करवंट्यांचे थर एकावर एक टाकत जातात. वरचा जाळ हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, म्हणून खालचा थर राख न होता कोळसा होतो. थरावर राखेची पांढरी झाक दिसू लागली, की पुढचा थर टाकतात आणि शेवटी भरपूर पाणी ओततात. हे काम मोठ्यांनीच उघड्यावर करावे; बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो. काजूची टरफले यात टाकू नयेत, त्यांतल्या तेलाचा धूर फार दाहक असतो. आणि कोळशासाठी एकही जिवंत झाड तोडायचे नाही! तसे केले तर रोगापेक्षा औषध भयंकर ठरेल.

टाकाऊतून कोळसा करणे आपल्या राज्याला नवे नाही. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटापासून जळणाचा कोळसा करण्याची रीत बसवली आणि २००२ साली तिला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. वेंगुर्ले नगरपरिषदेने तर घरोघरचा कचरा वेगवेगळा गोळा करून जुन्या कचरा डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पर्यटन स्थळ’ उभे केले. ज्या गावाला कचरा निवडण्याची शिस्त लागली, त्याला पातेरा राखेपासून वाचवणे कठीण का जावे?

मात्र मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका. ‘वेंगुर्ला’ नावाच्या काजूच्या जाती इथल्या फळ संशोधन केंद्रात वर्षानुवर्षांच्या चाचण्यांतूनच निघाल्या. तुम्हीही शाळेच्या बागेत तीन वाफे करा. एकात नुसती माती, दुसऱ्यात शेणखत, तिसऱ्यात तेवढेच शेणखत आणि कोळसा. तिन्हींत एकाच दिवशी एकाच जातीची मिरची लावा, पाणी सारखे घाला आणि दर आठवड्याला उंची व फळे मोजून वहीत लिहा. तिसरा वाफा मागे पडला, तर तसेच लिहा. पुढे सरस ठरला, तर ती वही घरी नेऊन भाजावळीच्या आधी वडीलधाऱ्यांपुढे ठेवा. ते नक्की ऐकतील.