झाकण्याआधी बघा

नकाशा मंजूर झाला, वर्किंग ड्रॉइंग्ज कंत्राटदाराच्या हाती पडली, की आपल्यापैकी अनेकांचे लक्ष पुढच्या कामाकडे वळते. बंगल्याच्या साइटवर फेऱ्या होतात, पण मालकाचा फोन आला म्हणून, नाहीतर त्या बाजूला दुसरे काम निघाले म्हणून. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या अटींमध्ये आपल्या सेवेचे सात टप्पे दिले आहेत आणि त्यातले शेवटचे दोन बांधकामाचे व पूर्णत्वाचे आहेत. घर उभे राहताना पाहणे ही मालकावर केलेली मेहेरबानी नाही.

त्यात बंगला बांधणाऱ्याची बाजू मुळातच लंगडी. फ्लॅट घेणाऱ्याला रेरा कायद्याने बांधकामातल्या दोषांसाठी ताब्यापासून 5 वर्षांचे संरक्षण दिले आहे. स्वतःच्या भूखंडावर स्वतःला राहायला घर बांधणारा त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही. त्याच्या हाती असतो कंत्राटदाराशी केलेला त्रोटक करार, आणि असतो आपण.

लॉरी बेकर तिरुवनंतपुरमला गवंड्यांच्या बरोबरीने साइटवर उभे राहून घरे बांधत. कितीतरी तपशील तिथेच ठरत. एका वेळी अनेक कामे चालवणाऱ्या आजच्या कार्यालयाला ते झेपणारे नाही, आणि रोजची देखरेख आपल्या करारातही नसते. तिच्यासाठी मालकाने साइट इंजिनिअर नेमायचा. आपल्या मोजक्या फेऱ्या मात्र वेळेवर व्हायला हव्यात. नियम एकच: जे काम झाकले जाणार आहे, ते झाकण्याआधी बघायचे.

स्लॅबचेच घ्या. कॅन्टिलिव्हर बाल्कनीची मुख्य सळई वरच्या थरात असते. आदल्या दिवशी आपण ती तपासून जातो. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतताना माणसे घमेली घेऊन तिच्यावरूनच ये-जा करतात. खाली पुरेशा चेअर नसतील तर सळई दबते आणि तशीच गाडली जाते. पुढे दिसतो तो बाल्कनीच्या मुळाशी गेलेला तडा. कव्हरचेही तेच. आयएस 456 प्रमाणे सौम्य वातावरणात 20 मिमी कव्हर चालते. किनाऱ्यावरच्या उघड्या काँक्रीटला 45 मिमी लागते. पुण्याचा मुकादम अलिबागला काम करत असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत घ्या आणि कव्हर ब्लॉकला टेप लावून बघा. बाथरूमच्या सन्क स्लॅबचे वॉटरप्रूफिंग झाले की पाणी भरून ठेवायला लावा, खालून ओल येत नाही हे पाहा, मगच भराव करू द्या. गिलाव्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो टेप लावून काढा.

एक फेरी मालकासाठी राखून ठेवा. बहुतेकांना प्लॅन वाचता येत नाही आणि तसे सांगायचा संकोच वाटतो. भिंती खिडकीच्या सिलपर्यंत आल्या की घरातल्या सगळ्यांना साइटवर बोलवा, स्वयंपाक करणाऱ्यांना तर नक्कीच. ओटा खडूने आखा, दार कोणीकडे उघडेल ते दाखवा. जो बदल करायचा तो तेव्हाच होऊ द्या. लिंटेल पडल्यावर त्याच बदलासाठी छिन्नी-हातोडा लागतो आणि बिलावरून भांडण होते ते वेगळेच. जे ठरेल ते साइट रजिस्टरमध्ये लिहून मालक, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट अशा तिघांनी सही करावी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा ही सही नव्हे.

फीची घासाघीस सुरू झाली की आपण सगळ्यात आधी साइटच्या फेऱ्यांवर काट मारतो, आणि मग न मिळालेल्या पैशाचे कारण सांगून त्या टाळतोही. हे थांबले पाहिजे. पुढच्या बंगल्याच्या करारात लाइन-आउट, सिल, स्लॅब, गिलाव्याआधी आणि वॉटरप्रूफिंगनंतर अशा पाच फेऱ्या नावानिशी लिहा. त्यांचे पैसे न संकोचता मागा, आणि एकदा मागितले की एकही फेरी चुकवू नका.