रेडा धक्क्याने पडत नाही

आफ्रिकेत रानरेड्याच्या, म्हणजे केप बफेलोच्या शिकारीला जाणाऱ्याने .५०० नायट्रो एक्स्प्रेसच्या खालची रायफल नेऊच नये, असं एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नुकतंच ठणकावून सांगितलं आहे. .३७५ ही त्यांच्या मते हरणं मारायची रायफल. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : जनावर मोठं, म्हणून गोळी मोठी हवी, गोळी मोठी असली की धक्का मोठा बसतो आणि जनावर जागच्या जागी आडवं होतं. नेम थोडा चुकला तरी मोठी गोळी सांभाळून घेते. तिथले व्यावसायिक शिकारी .४७० आणि .५०० बाळगतात, मग पाहुण्याने लहान का न्यावी? आणि रायफल दुनळीच हवी, कारण जुने साहेब दुनळीच वापरत.

साहेबांची सवय हा पुरावा नव्हे, एवढं बोलून दुनळीचा विषय मी संपवतो. धक्क्याचा मुद्दा मात्र सोडणार नाही. शिकारीच्या गप्पांत तो पिढ्यान् पिढ्या फिरतो आहे आणि त्याच्यावर विश्वास ठेवून माणसं रायफली विकत घेतात.

आकडे मांडून बघा. .५०० ची गोळी ५७० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३७ ग्रॅमची. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ६५५ मीटरच्या आसपास. रेडा ७०० किलोचा धरू. ही गोळी त्याच्या अंगात रुतून बसली आणि तिचा सगळा रेटा त्याला मिळाला, तरी त्याचं शरीर सेकंदाला साडेतीन सेंटिमीटर सरकेल. .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी सेकंदाला ७७० मीटरने जाते. ती त्याला सेकंदाला दोन सेंटिमीटर सरकवेल. चाल करून येणारा रेडा सेकंदाला दहा मीटरच्या वर अंतर तोडतो. त्यातून दीड सेंटिमीटर जादा वजा करायला हे गृहस्थ दुप्पट धक्क्याची रायफल खांद्याला लावायला सांगतात! शिवाय रायफल गोळीला जेवढं पुढे ढकलते, निदान तेवढीच ती स्वतः मागे येते. जो धक्का ७०० किलोच्या रेड्याला आडवा करील, तो ७० किलोच्या माणसाला उभा ठेवील का?

बार होताच कोसळलेले रेडे लोकांनी पाहिले आहेत, हे खरं. पण ते का कोसळले हे कोणी विचारत नाही. रेड्याच्या खांद्यावर उंचवटा दिसतो. त्याच्या आत मणक्यांचे उंच काटे असतात. नवखा शिकारी अंगाच्या मध्यावर नेम धरतो, गोळी वर जाते, त्या काट्यांना लागते आणि जनावर सुन्न होऊन बसतं. शिकारी आनंदाने ओरडतो. तेवढ्यात रेडा उठतो आणि झुडपात शिरतो. काळीज तिथे नसतंच. ते खाली, जवळजवळ पुढच्या दोन पायांच्या मध्ये असतं. जनावर आडवं उभं असेल तर पुढच्या पायाची रेषा धरून वर यायचं आणि छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात थांबायचं. तिथे आरपार गेलेली गोळी रेड्याला मारते. तीही लगेच नाही, काळीज फुटलेला रेडा शंभर मीटर पळू शकतो. जागच्या जागी पाडतो तो फक्त मेंदूचा किंवा मणक्याचा घाव.

म्हणजे प्रश्न गोळी खोल जाण्याचा आहे. खोल जाणं ठरतं ते गोळीच्या जाडीच्या मानाने तिच्या वजनावर, आणि ती हाडावर फुटते की टिकते यावर. 'करामोजो' बेल या जुन्या शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने. त्याची १७३ ग्रेनची पूर्ण कवचाची गोळी आणि .३७५ ची ३०० ग्रेनची गोळी यांचं जाडीशी वजनाचं प्रमाण जवळजवळ सारखं आहे. पण एवढ्यावरून कोणी ७ मिलिमीटर घेऊन निघू नये. बेलला कवटीच्या आतली जागा अचूक ठाऊक होती, त्याचे हत्ती माणसाला बुजलेले नव्हते, आणि आज टांझानियात अशा जनावरांना .३७५ ही किमान मर्यादाच आहे.

जुन्या बोअरची, म्हणजे नळीच्या मापांची, थोरवी गाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. .४७० आणि .४६५ या आकड्यांना हत्तीच्या हाडांनी जन्म दिलेला नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानात .४५० वर बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्रीच्या त्याच मापाच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती पडण्याची धास्ती होती. बंदूकवाल्यांनी माप थोडं वाढवून बंदी चुकवली. आज आपल्याकडे तेच आकडे शिकारीचं शास्त्र म्हणून सांगितले जातात.

व्यावसायिक शिकारी मोठी रायफल बाळगतो हे खरं, पण त्याचं काम वेगळं आहे. दहा पावलांवर आलेलं जखमी जनावर त्याला थांबवायचं असतं. पाहुण्याला पहिला बार नीट काढायचा असतो.

राहिला चुकलेल्या नेमाचा मुद्दा, आणि इथे मला खरोखर राग येतो. पोटात लागलेली .५०० ची गोळी ही पोटात लागलेलीच गोळी असते. जड रायफलीच्या धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, आणि असेच नेम चुकतात. मग रक्ताचा माग काढत उंच गवतात कोण शिरतं? पुढे चालतो माग काढणारा स्थानिक माणूस, खाली वाकून, बहुतेकदा हातात बंदूक नसताना. पाहुणा त्याच्या मागे असतो. मोठ्या बोअरची हौस पाहुण्याची आणि जीव त्या माणसाचा, हा व्यवहार मला मान्य नाही.

तेव्हा माझं मत साधं आहे. १९१२ सालची .३७५ हॉलंड अँड हॉलंड घ्या, ३०० ग्रेनच्या गोळीसह. .४१६ रिग्बी न कचरता चालवता येत असेल तर तीही उत्तम. पहिली गोळी मऊ टोकाची, पण कवच आणि शिसं एकमेकांना घट्ट जोडलेली किंवा सबंध तांब्याची असावी. कारण कळपात सॉलिड, म्हणजे न फुटणारी, गोळी एका रेड्यातून निघून मागच्याला जखमी करते. मॅगझिनमध्ये तिच्या खालच्या सगळ्या सॉलिड, कारण पळणाऱ्या रेड्यावर मागून बार काढायचा तर त्याच्या सबंध लांबीतून गोळी जायला हवी. सराव टेबलावर टेकून नको. तिकाटण्यावर नळी ठेवून, उभ्याने करा. पहिल्या बारानंतर रेडा पडलेला दिसला तरी बोल्ट ओढा आणि पुन्हा मारा. निघण्यापूर्वी दोन्ही जातींच्या गोळ्या त्याच रायफलीतून पन्नास मीटरवर मारून बघा. सॉलिड भलतीकडे लागत असेल तर त्या कंपनीच्या गोळ्या परत करा आणि दुसऱ्या आणा.