सन्मानपत्रावर नसलेली नावे

प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने जाहीर होणाऱ्या पद्म सन्मानांच्या यादीत अधूनमधून डिझायनरांचीही नावे असतात. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या जडणघडणीत मोठा वाटा असलेल्या दशरथ पटेल यांना १९८१ साली पद्मश्री आणि २०११ साली मरणोत्तर पद्मभूषण मिळाले. २०१४ साली गोव्याचे वेंडेल रॉड्रिक्स पद्मश्रीचे मानकरी ठरले. त्यांच्या योग्यतेविषयी वाद नाही. प्रश्न आहे तो, रचनेचे श्रेय कोणाच्या खाती जमा होते, हा.

ही संस्था १९६१ साली उभी राहिली, ती चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालाच्या आधारे. त्या अहवालाने सर्वाधिक गौरव केला तो साध्या लोट्याचा. लोटा कोणा एकाने रचलेला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्या असंख्य हातांतून घडत आला, हे त्या पाहुण्यांनी ओळखले. आपल्या सन्मानांची रीत मात्र एकाच नावाची राहिली.

जयपूर फूटचेच उदाहरण घ्या. परदेशी धाटणीचा कृत्रिम पाय बुटावाचून चालत नसे. तो लावून उकिडवे बसता येत नसे, चिखलात अनवाणी उतरता येत नसे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात रबराचा, वाकणारा, बुटाची गरज नसलेला पाय तयार झाला. तो डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या शल्यज्ञानाइतकाच, अल्पशिक्षित कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या कसबी हातांचाही होता. त्याचे पेटंट घेतले गेले नाही, म्हणूनच तो गरिबांपर्यंत पोहोचला. १९८१ साली पद्मश्री आणि मॅगसेसे हे दोन्ही सन्मान डॉ. सेठींना मिळाले, आणि ते योग्यच होते. पण त्यांपैकी एकावरही शर्मांचे नाव नव्हते.

ही चूक कोणा एका व्यक्तीची नव्हे. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे खालचे, ही वर्गीय समाजाची जुनी वाटणी आहे. जातिव्यवस्थेने ती आपल्याकडे अधिकच घट्ट केली. कारागिरांसाठी १९६५ पासून राष्ट्रीय हस्तकला पुरस्कार आहेत, हे खरे. परंतु तेथे त्यांचा गौरव होतो तो कसबासाठी, परंपरा जपल्याबद्दल. नवे रचणारा म्हणून त्यांना कोण ओळखतो?

म्हणूनच मागणी साधी आहे. रचनेसाठी राष्ट्रीय सन्मान देताना त्या कामातील विणकर, ओतारी, सुतार, शिवणकामगार यांचीही नावे सन्मानपत्रावर यावीत. नाव हे श्रेयाचे पहिले रूप असते; योग्य मोबदल्याचा हक्क त्याच्या पाठोपाठ मागता येतो.