यादी देवाने केली नव्हती

कुंडलिकेला पाणी चढलं की रोह्यात मोबाईलवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरतात. एक, पुलाजवळच्या लाल पाण्याचा व्हिडिओ. दुसरा, हात जोडलेल्या इमोजींसकट : ‘धावीर महाराज आहेत, रोह्याला काही होणार नाही.’ हा दुसरा मेसेज मीही पुढे पाठवलाय. म्हणून त्याच्याशी भांडायचा हक्क मला आहे, असं मी मानतो.

काही होणार नाही, हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो? जुलै १९८९मध्ये अंबा नदी नागोठण्यात शिरली. नागोठणं आपल्याच तालुक्यातलं. त्याच पुरात वरच्या अंगाला जांभूळपाड्यातली माणसं वाहून गेली. २२ जुलै २०२१ला महाडच्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापुरातली इर्शाळवाडी झोपेत गाडली गेली. देव तिथेही होते, संध्याकाळचा दिवा तिथेही लागत होता. मग ‘आपल्याला देवाने वाचवलं’ म्हणताना आपण त्यांच्याबद्दल काय म्हणत असतो? त्यांची हाक कमी पडली? तळियेतल्या वाचलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघून जे वाक्य बोलता येत नाही, ती श्रद्धा नव्हे. ती आपल्या नशिबाची फुशारकी आहे.

म्हणजे देव नाहीच का? मी तसं म्हणत नाही. पुराच्या रात्री माळ्यावर लेकरं घेऊन बसलेल्या बाईला नामाशिवाय दुसरं काय धरायला असतं? तिला हसणाऱ्याने एक रात्र तिथे बसून दाखवावं. माझं भांडण तिच्याशी नाही. दुसऱ्या दिवशी कोरड्या जागी उभं राहून ‘देवाची मर्जी’ म्हणणाऱ्यांशी आहे.

तुकोबांकडे बघा. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको गेली, मुलगा गेला. देवाने तेव्हा त्यांचं घर वाचवलं नाही. तरी विठ्ठलावरचा विश्वास त्यानंतर वाढला. म्हणजे तो सुटकेच्या बदल्यात दिलेला नव्हता. परंपरा सांगते, की त्यांनी सावकारीची खतं इंद्रायणीत बुडवली. पण त्यातला तपशील आपण विसरतो : भावाच्या वाट्याची खतं त्याच्या हाती देऊन त्यांनी फक्त स्वतःच्या वाट्याची बुडवली. आपलं येणं देवावर सोडता येतं. दुसऱ्याचं नाही.

‘देवाची मर्जी’ म्हणणारा नेमकं दुसऱ्याचं खत बुडवतो. गेलेल्यांचा हिशोब तो त्यांच्या वतीने माफ करून टाकतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच सांगितलं. ती यादी देवाने केली नव्हती. माधव गाडगीळांच्या समितीने पश्चिम घाटाबद्दलचा अहवाल २०११मध्ये दिला. तो बाजूला ठेवणारेही देव नव्हते. माणसांचं काम देवाच्या खात्यावर टाकणं हा मला देवाचा अपमान वाटतो.

आणि रोहेकरांना तर हे सर्वांत आधी कळायला हवं. दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते, तेव्हा पोलीस बंदुका घेऊन सशस्त्र मानवंदना देतात. ब्रिटिशांच्या काळापासूनची ही प्रथा. आपल्याला तिचा केवढा अभिमान! पण सलामी म्हणजे हुकूम मानल्याची खूण. हाकेला धावून जाणाऱ्या देवाला जे सरकार सलामी देतं, त्याने हाकेला धावायला नको? आणि त्या सलामीचा व्हिडिओ काढणाऱ्या आपण?

संकटात माणसाला बाहेर काढणारा हात बहुतेक वेळा शेजारच्याचाच असतो. त्या हातात देव बघायला माझी हरकत नाही. पण हात पुढे व्हावा लागतो.

तेव्हा पुढच्या पावसात तो मेसेज पाठवायचा तर पाठवा. त्याआधी नदीकाठच्या एका घरी फोन करून विचारा, म्हाताऱ्यांना रात्री कुठे हलवणार आहात. आणि ग्रामसभेत उभं राहून विचारा, आपली वाडी यादीत आहे का. धावीर महाराज रागावणार नाहीत.