साचा ज्याचा, जबाबदारी त्याची



बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या प्लास्टिक साच्यांशी रेल्वे-टपाल कामगारांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. बेळगाव-निपाणीकडची आयटीआय शिकलेली आपली पोरे तिथे मशीनवर उभी आहेत. आणि तिथे जो डाव पक्का बसला, तोच आपल्या खात्यांत डबे-सफाईच्या कंत्राटापासून सुरू झाला आहे.

१९४८ साली बंगळूरला इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली. आपल्या डाक-तार खात्याला टेलिफोन तिथून येत. टूलरूम, मोल्डिंग, जुळणी सगळे एकाच कंपनीत. साचा बिघडला तर मोल्डिंगवाला थेट टूलरूममध्ये जाऊन भांडू शके, आणि दोघे एकाच युनियनचे सभासद. १९८०-८१ साली बंगळूरच्या सार्वजनिक कारखान्यांतले कामगार ७७ दिवस संपावर टिकले, ते या एकजुटीवर.

आज पद्धत ‘संयुक्त प्रकल्पा’ची. डिझाइन एका कंपनीचे, साचा दुसऱ्या टूलरूमचा, मोल्डिंग तिसऱ्या गाळ्यात, मजूर चौथ्या कंत्राटदाराचे, माल पाचव्याच्या नावाने. बैठकीला सगळे साहेब हजर. मशीनवर उभा राहणारा तेवढा नसतो. वास्तविक साच्याची खोड त्यालाच आधी कळते. पॉलिप्रॉपिलीन थंड होताना एक ते अडीच टक्के आकसते, एबीएस अर्ध्या टक्क्याच्या आसपास. गिऱ्हाइकाने भाव पाहून दाणा बदलला की जुन्या साच्यातला माल मापात बसत नाही. साच्याच्या भिंतींना उतार कमी ठेवला, माल ढकलणाऱ्या पिना कमी घातल्या, तर माल आत चिकटतो. दुरुस्तीचा खर्च कोणाचा, यावर पाच कंपन्यांची पत्रापत्री चालते आणि तोवर ऑपरेटर हाताने माल ओढून काढतो. शॉट वेळेत पडावा म्हणून सेफ्टी दरवाजाचा स्विच बांधून ठेवलेला! चूक ड्रॉइंगमधली, बोटे जातात ती याची, आणि चौकशीत शेरा ‘कामगाराचा निष्काळजीपणा’.

त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून श्रमसंहिता लागू झाल्या. वीज वापरणाऱ्या जागेला कारखाना ठरायला पूर्वी १० कामगार पुरत, आता २० लागतात. कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा २० वरून ५० वर गेली. म्हणजे १२ माणसांचा मोल्डिंगचा गाळा आता कारखानाच नाही. काम जितके तुकड्यांत वाटाल, तितका कायदा लांब.

गाळेवाला शेठही पिचलेला असतो, हे आम्ही नाकारत नाही. साचा बहुधा गिऱ्हाइकाच्या मालकीचा; कामगारांनी तोंड उघडले की तो टेंपोत घालून दुसऱ्या गाळ्यात नेता येतो. म्हणून आमचा रोख साच्याच्या धन्यावर आहे. १९७२ साली डेन्मार्कच्या मदतीने बंगळूरला सरकारी टूलरूम व प्रशिक्षण केंद्र निघाले. तिथे जनतेच्या पैशाने घडलेल्या कारागिराला साच्याच्या ट्रायलवर मत देण्याचा हक्क का नसावा?

रेल्वे आणि टपाल खातेही प्लास्टिकचा माल टेंडरने घेतात. त्या टेंडरमध्ये साच्यापासून मालापर्यंतच्या प्रत्येक गाळ्याचे नाव असावे, ट्रायल रिपोर्टवर फिटर व ऑपरेटरची सही असावी, आणि अपघाताची भरपाई साचा ज्याचा त्याने द्यावी. शाखांनी हा विषय पुढच्या पीएनएम व जेसीएमच्या विषयपत्रिकेत घालावा आणि त्याची प्रत केंद्रीय कचेरीकडे पाठवावी.